'मुक्त' म्हणजे करमुक्त नव्हे

प्रश्न असा आहे : सार्क देशांच्या 'साफ्ता'ला (साउथ एशियन फ्री ट्रेड एरिया) कुणी 'करमुक्त व्यापाराचा तह' म्हणतात, कुणी 'मुक्त व्यापार करार'. बरोबर काय?

'करमुक्त' साफ चूक. बातम्यांत हा शब्द इतक्यांदा कानावर पडतो की संताप येतो. साफ्तावर जानेवारी 2004 मध्ये इस्लामाबादला सह्या झाल्या, 2006 पासून तो लागू झाला. ठरले ते एवढेच, की एकमेकांच्या मालावरचे सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्य ते 5 टक्क्यांवर आणायचे. तेसुद्धा प्रत्येक देशाची 'संवेदनशील यादी', म्हणजे सवलत न द्यायच्या मालाची यादी, वगळून. माल आत आला की देशातले कर लागायचे ते लागतातच. 'तह'ही नको; मराठीत तह लढाईच्या मागोमाग येतो, पुरंदरचा काय किंवा सालबाईचा काय. आणि 'करार'चा 'कर'शी काडीचा संबंध नाही. तो अरबी शब्द, अर्थ स्थिरावणे, ठरणे. 'मुक्रर' आणि 'इकरार' त्याच धातूचे.

पण या व्यवहाराचे मर्म सांगणारा शब्द 'अर्थशास्त्र' लिहिणाऱ्या कौटिल्याकडे आहे. संधीची, म्हणजे राज्याराज्यांतल्या समझोत्याची, त्याची व्याख्या तीन शब्दांची : 'तत्र पणबन्धः सन्धिः'. भाषांतरकार 'अटींनी बांधून घेणे' असे लिहून मोकळे होतात. मला हे मुळीच पटत नाही. त्यात धातूचा जीवच जातो. पण् म्हणजे सौदा करणे. त्यावरून पण्य म्हणजे विक्रीचा माल, संस्कृतातला 'आपण' म्हणजे बाजार, विपणन, आणि सरकारी पाटीवर रोज दिसणारे 'पणन'. हाच धातू पैजेचाही. पाणिनीने 'व्यवहृपणोः समर्थयोः' या सूत्रात 'व्यवहृ' आणि 'पण्' एकत्र घेतले, आणि त्याच्या सूत्रांवरची 'काशिका' ही टीका लिहिणाऱ्यांनी दोघांचा समान अर्थ सांगितला : द्यूत आणि खरेदी-विक्री. म्हणजे 'पणाला लावणे' आणि 'पणन महासंघ' एकाच घरातले! माझे ठाम मत आहे की कौटिल्याच्या 'पणबन्धा'त घासाघीस अभिप्रेत आहे : तू काय मांडतोस, मी काय मांडतो, आणि कोण काय राखून ठेवतो.

साफ्ताच्या याद्या बघा. प्रत्येक देश काही माल डावावर ठेवतो, काही मुठीत धरतो, आणि पुढची सगळी बोलणी ती मूठ सैल करण्याची. 2011 मध्ये भारताने अल्पविकसित शेजाऱ्यांसाठीची यादी 480 बाबींवरून 25 वर आणली. उरली ती दारू आणि तंबाखू. याला 'अटी' म्हणणारा भाषांतरकार यादी उघडून बघत नाही.

तेव्हा लिहा 'मुक्त व्यापार करार'. 'पणबंध' रुळला तर मला फार आनंद होईल. आणि वाक्ये जोडणारे आपले 'पण' या घरातले नव्हे, ते 'पुनः'वरून आले. ती गल्लत करू नका.