वाचकांचे प्रश्न: पट कमी म्हणून शाळा बंद?

प्रश्न: मॅडम, पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट १४. ती चार किलोमीटरवरच्या शाळेला जोडणार, पोरांना गाडी देणार, असं कानावर येतंय. सरकारकडं पैसा नाही म्हणतात. आम्ही निवेदन दिलं, शिक्का मारून पोच मिळाली. पुढं काहीच नाही. काय करावं?

उत्तर: भाऊ, पोच जपून ठेवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारी अधिकारी, होते. अशी निवेदनं कुठल्या फायलीला लागतात आणि तिथं किती वर्षं पडून राहतात, ते चांगलं पाहिलंय.

शिक्षणावरची कपात कधी कपात म्हणून येत नाही. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडतात तेव्हा शिक्षणाचा आकडा मोठाच दिसतो, कारण त्यातला बहुतेक पैसा पगाराचा असतो. मग वाचवायचं कुठून? पद उडवून. ते उडतं संचमान्यतेत, म्हणजे कुठल्या शाळेला शिक्षकांची किती पदं द्यायची हे ठरवतात त्या मंजुरीत, आणि संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. आधार जुळत नसेल तर रोज वर्गात बसणारं पोरही त्या पटात धरलं जात नाही. नावातला एक काना चुकला, जन्मतारीख वेगळी पडली, की झालं! तेव्हा जूनमध्येच मुख्याध्यापकांना विचारा, कुणाकुणाचं आधार अडलंय. दिवाळीनंतर बघू म्हणाल तर पट ठरून गेलेला असेल.

आता कायदा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी, असं लिहिलंय. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे तर कायद्याच्या परिशिष्टातच आहे. म्हणजे चौदा पोरांना दोन मास्तर ही काही चैन नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. समितीची बैठक लावा, विलीनीकरणाला विरोध असल्याचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. पेठ तालुका पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात, येतो, त्यामुळं तसाच ठराव ग्रामसभेतही घ्या. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शाळा जोडायचा प्रस्ताव कुणी, कोणत्या तारखेला पाठवला, त्याची प्रत मागा. निवेदनाला नुसती पोच मिळते, या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

गाडीला भुलू नका. मास्तरचं पद मंजूर असतं, गाडीचा ठेका असतो. ठेकेदाराचं बिल थकलं की गाडी घाटाखालीच उभी. आणि आषाढात तुमच्या पाड्यापर्यंत चाक पोचतं का, हे तुम्हीच सांगा. सात वर्षांची मुलगी चार किलोमीटर चालत जाणार नाही, ती धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसेल.

लढून काय होतं, असंही कुणी म्हणेल. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची पोरं बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली होती. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ म्हणत! अख्ख्या राज्यानं बातमी वाचली. पुढं ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे ऐन शिक्षकदिनी, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेतला एक शिक्षक पंधरा हजारांवर कंत्राटी नेमायचा शासन निर्णय निघाला. त्याच महिन्यात शिक्षक सामुदायिक रजेवर गेले आणि शेवटी तो निर्णय मागं घ्यावा लागला.

एक मात्र सांगते. राग मास्तरवर काढू नका. त्याचंही पद त्याच कागदावर आहे. तो सरकारी नोकर, उघड बोलू शकत नाही. पण पटाचे आकडे तोच काढून देईल.

प्रश्न: आम्ही नाशिकरोडला राहतो, मुलं इंग्रजी शाळेत. या भांडणाशी आमचा काय संबंध?

उत्तर: घरपट्टीचं बिल काढा. त्यात राज्याचा ‘शिक्षण कर’ अशी वेगळी ओळ दिसेल. १९६२ च्या कायद्यानं लावलेला कर आहे तो, आणि तुमचं मूल कुठल्या शाळेत जातं हे तो विचारत नाही. तुम्ही भरलेल्या पैशाचं काय झालं, हे विचारायचा हक्क पेठच्या पालकाइतकाच तुम्हालाही आहे. आमदारांना पत्र लिहा. मंजूर किती झाले एवढंच विचारू नका, मार्चअखेर प्रत्यक्ष खर्च किती झाले तेही मागा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी.