इंग्रजीतल्या एकवचनी ‘दे’ला मराठीत ‘ते’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतोय. मूळ इंग्रजी संदेशांत ‘ही’ (he) आणि ‘शी’ (she) टाळून सगळीकडे एकवचनी ‘दे’ (एकाच माणसासाठी they) वापरलंय, जेणेकरून कोणाचंही लिंग गृहीत धरलं जाऊ नये. मराठीत त्याजागी ‘ते’ चालेल का, की नवं सर्वनाम घडवावं? आचारसंहितेतल्या लिंगविषयक शब्दांचं काय करायचं?’

‘ते’ नको. नवं सर्वनामही नको, निदान पडद्यावरच्या संदेशांसाठी तरी नको.

आधी ‘ते’ का नको ते बघू. मराठीत या एका रूपावर दोन कामं आहेत. ‘ते आले’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोणी आदरणीय पुरुष येतो. बाईबद्दल आदराने बोलायचं तर आपण ‘त्या आल्या’ म्हणतो. म्हणजे लिंग लपलं नाहीच. दुसरं काम नपुंसकलिंगी एकवचनाचं. ते माणसाला लावलं की एकतर तान्हं मूल असतं, नाहीतर ‘आलं बघ ते ध्यान!’ असा सूर लागतो. स्वतःला पुरुष किंवा स्त्री म्हणवून न घेणाऱ्या सदस्याला न विचारता हे चिकटवणं बरं दिसणार नाही.

गंमत म्हणजे इंग्रजीची अडचण जिथे आहे, तिथे मराठीची नाहीच. नोड.जेएस या प्रोग्रॅमिंगच्या साधनाच्या पायाशी असलेल्या लिबयूव्ही या कोडसंग्रहात (लायब्ररीत) २०१३ साली कोणीतरी कोडमधल्या एका टिप्पणीतलं पुल्लिंगी सर्वनाम बदलून तटस्थ करायचं सुचवलं. बदल फारच किरकोळ आहे म्हणून आधी तो नाकारला गेला आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. इंग्रजीत सगळं ओझं त्या एका सर्वनामावर असतं. मराठीत ते क्रियापदावरही असतं, त्यामुळे सर्वनाम कितीही घासूनपुसून घेतलं तरी ‘आला’ आणि ‘आली’ शिल्लक राहतातच.

तुमचं नेहमीचं वाक्य घ्या: अमक्या सदस्याने स्वतःची माहिती बदलली. इंग्रजीत इथे ‘देअर’ आणावं लागतं. मराठीत ‘अमुक यांनी आपली माहिती बदलली’ म्हटलं की संपलं. ‘बदलली’तला स्त्रीलिंगी प्रत्यय माहितीचा आहे, माणसाचा नाही, ‘आपली’चंही तेच. शाळेत रट्टा मारलेला कर्मणी प्रयोग असा कामाला येतो. ‘यांनी’, ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचा’ ही रूपंही सर्वांना सारखीच. ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे पडतात ते फक्त प्रथमेत.

उलट ‘अमुक सामील झाले’ हे इंग्रजीत अगदी सोपं वाक्य, पण मराठीत तिथेच ठेच लागते. उपाय म्हणजे क्रियापद बदलायचं: ‘अमुक यांनी सदस्यत्व घेतलं’. ‘विसरणे’, ‘शिकणे’ ही क्रियापदं मात्र फसवी. त्यांना कर्म असतं, तरी भूतकाळात ‘ती विसरली’ असं कर्त्याच्याच मागे जातात. सुदैवाने ‘तुम्ही’ आपल्या बाजूने आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ कोणालाही विचारता येतं. ‘विसरलास’ किंवा ‘विसरलीस’ म्हटलं की गेलं.

सगळ्यांत अवघड ‘मी’. इंग्रजी ‘आय’च्या आड माणूस आयुष्यभर लपू शकतो. मराठीत ‘मी बघते’ एवढं लिहिलं की कळलंच. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) सदस्याला यात कधी आनंद असेल, कधी धास्ती. ठरवायचं त्या व्यक्तीने, बटणाने नव्हे. म्हणून ‘मी अटी मान्य करतो’ असं बटण नको, ‘मला अटी मान्य आहेत’ असं हवं. तिरकी रेघ देऊन ‘करतो/करते’ लिहिण्याची सवयही सोडा. दिसायला वाईट, आणि दोन्हींत न बसणारे पुन्हा बाहेरच.

तांत्रिक बाजू थोडक्यात. गेटटेक्स्ट या सॉफ्टवेअर-भाषांतराच्या साधनात अनेकवचनाची सोय आहे, लिंगाची वेगळी सोय नाही. तिथे वाक्यरचनेनेच निभवावं लागतं. मीडियाविकीत (विकिपीडियामागच्या सॉफ्टवेअरमध्ये) संदेशाची पुरुष, स्त्री आणि अनिर्दिष्ट अशी तीन रूपं देता येतात. तिसरं रूप द्यायचा कंटाळा केलात, तर पसंती न सांगणाऱ्या सदस्याला पहिलं, म्हणजे पुल्लिंगी रूप मिळतं. एखाद्या सदस्याने आपली पसंती सांगितली असेल, तर अर्थातच माझं वरचं सगळं बाजूला ठेवून तेच रूप वापरायचं.

समूहाबद्दल बोलताना मात्र मराठीने फार पूर्वीच सोय करून ठेवली आहे. दोन पुरुष ते दोघे, दोन बायका त्या दोघी, आणि एक बाई व एक पुरुष असले की ‘ती दोघं’. एकवचनात हिणवणारं नपुंसकलिंग अनेकवचनात कसं सगळ्यांना पोटात घेतं पाहा! तेव्हा स्वागतपानावर ‘सगळे’ऐवजी ‘आम्ही सगळी’ बिनधास्त लिहा.

आता आचारसंहिता. बरेच प्रकल्प ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’ ही तयार आचारसंहिता घेतात (२०१८ पासून लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभासुद्धा), तुमचीही तीच असावी असं धरतो. तिच्यात ‘जेंडर’ आणि ‘सेक्शुअल’ या शब्दांनी सुरू होणारी कलमं वेगवेगळी आहेत. दोन्हीकडे ‘लैंगिक’ लावलंत तर फरक बुडेल. पहिल्यासाठी ‘लिंगभाव’ आणि त्याची अभिव्यक्ती, दुसऱ्यासाठी ‘लैंगिक ओळख’ आणि ‘लैंगिक कल’. ‘ट्रान्सजेंडर’ला सरसकट ‘तृतीयपंथी’ म्हणू नका. तो शब्द ऐकून पारलिंगी पुरुष कोणाच्या मनात येत नाही, ‘पारलिंगी’ बरा. ‘बायसेक्शुअल’साठी ‘उभयलिंगी’ वापरलेला दिसतो, पण जीवशास्त्राच्या पुस्तकात उभयलिंगी असतं ते फूल, पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेलं. मी ‘उभयलैंगिक’ लिहीन. ‘क्विअर’ला प्रतिशब्द शोधत बसू नका, तो मराठीत आता क्विअरच आहे.

एवढं करूनही ‘ऑनलाइन आला’ आणि ‘ऑनलाइन आली’ यांत अडकाल, तेव्हा क्रियापदच काढून टाका. नावापुढे नुसतं ‘ऑनलाइन’ पुरतं.