भांडण कशावरून आहे ते बघा

प्रश्न : आंतरराष्ट्रीय नियमांवर देश सतत वाद घालतात. त्यामुळे ते नियम खिळखिळे होत नाहीत का?

उत्तर : मीही बरीच वर्षं असंच धरून चाललो होतो. देवमाशांच्या प्रकरणाने माझं मत बदललं. व्यापारी शिकारीवरची बंदी 1986पासून लागू झाली. देवमाशांच्या शिकारीविषयीच्या 1946च्या मूळ करारात मात्र संशोधनासाठी देवमासे मारण्याची मुभा होती. जपान त्याच कलमावर बोट ठेवून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जहाजं धाडत राहिला. मांस बाजारात, कागदावर ‘संशोधन’! ऑस्ट्रेलियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि 2014मध्ये निकाल आला : हे परवाने संशोधनासाठी नव्हेत. गंमत अशी की, इतकी वर्षं पळवाट शोधणारा जपान नकळत बंदीला मानच देत होता. नाहीतर संशोधनाचं सोंग आणायची गरजच काय? या भांडणातून पळवाट अरुंद झाली. पुढे 2019मध्ये जपान देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगातूनच बाहेर पडला. पण अंटार्क्टिकातली शिकार थांबवून स्वतःच्या सागरी हद्दीत परतला.

भूसुरुंगबंदीचं तसं नाही. माणसांवर वापरायच्या भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या 1997च्या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय 2025मध्ये फिनलंड, पोलंड आणि एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया या तिन्ही बाल्टिक देशांनी घेतला, रशियाच्या भीतीने. ‘हे अपवादात बसतं’ असं कुणी म्हटलं नाही. हे शस्त्र आम्हाला हवंच, असं उघड सांगितलं. मला हा वाद जास्त घातक वाटतो, कारण इथे बंदीच नको झाली आहे.