पद्धत कधी बदलावी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. श्वासावर लक्ष ठेवलं की मन भरकटतं, बॉडी स्कॅन, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेणं, केलं तर झोप लागते, म्हणून आता चालत ध्यान करून बघू का, असं विचारलं आहेस. जरूर बघ. फक्त कंटाळा आला म्हणून पद्धत बदलू नकोस. नेमकं काय आडवं येतंय ते ओळखून बदल. आणि मन भरकटणं ही अडचण नव्हेच. ते गेलं, गेल्याचं लक्षात आलं, परत आणलं, हाच सराव. दहा मिनिटांत चाळीसदा परत आणावं लागलं, तर चाळीसदा सराव झाला.

श्वासाकडे परत जाशील तेव्हा आधी बैठक नीट कर. मांडी घालून बसत असशील तर गुडघे कमरेच्या खाली राहतील एवढी उंच उशी घे, नाहीतर सरळ खुर्चीवर बस. गुडघे वर राहिले की पाठीला पोक येतो आणि थोड्याच वेळात कंबर धरते. लक्ष एकाच जागी असू दे, नाकपुड्यांपाशी किंवा पोटावर. ब्रह्मदेशातले बौद्ध ध्यानगुरू महासी सयाडो यांच्या परंपरेत पोट वर येताना आणि खाली जाताना मनात हलकी नोंद करतात. विचार आला की 'विचार' एवढंच म्हणायचं. नोंद एका शब्दाची ठेव; तिचं वाक्य झालं की तोच नवा विचार होऊन बसतो. मन फारच पळत असेल, तर प्रत्येक उच्छ्वासाला एक असे दहापर्यंत आकडे मोज. चुकलं की पुन्हा एकपासून.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे श्वास पाहता पाहता तो मुद्दाम ओढायला लागणं. छाती जड होते, कधी डोकं हलकं होतं. अशा वेळी श्वासाचा नाद सोड आणि जमिनीला टेकलेल्या तळव्यांकडे लक्ष ने. मग श्वास आपोआप सुरळीत होतो.

बॉडी स्कॅन तू रात्री, अंथरुणात करतोयस असं दिसतं. मग झोप येणारच! जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या, ध्यानातून ताण कमी करण्याच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात हा सराव आडवं पडून, सुमारे पाऊण तास करतात. पण तो जागं राहून करायचा असतो. सकाळी कर, डोळे अर्धवट उघडे ठेव, तरीही पेंग आली तर बसून कर. डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेका भागाशी काही श्वास थांब. पोटरीत काहीच जाणवलं नाही, तर 'काही जाणवत नाही' हीच तिथली खरी नोंद. संवेदना कल्पनेने तयार करू नकोस.

चालण्यासाठी दहा-पंधरा पावलांची मोकळी वाट पुरते. पाऊल उचलणं, पुढे नेणं, टेकवणं, या तिन्ही हालचाली तळव्यात ओळख. नजर दोन-तीन पावलं पुढे जमिनीवर. टोकाला थांब, मग वळ. मन बहुधा वळतानाच निसटतं. अती हळू चाललं की तोल सांभाळण्यातच लक्ष जातं. अंगात चुळबूळ असेल त्या दिवशी आधी दहा मिनिटं चाल, मग बस.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगतो. डोळे मिटल्यावर जुनी भीती उसळली, धडधड वाढली, तर नेटाने बसून राहू नकोस. डोळे उघड, खोलीतल्या वस्तू पाहा, आवाज ऐक, उठून चाल. पुन्हा पुन्हा तसं झालं, तर सराव थांबवून समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोल. तिथे पद्धत बदलून भागत नाही.

तूर्तास तीन आठवडे एकच पद्धत, रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं. असा त्रास झाला नाही, तर एका बैठकीत पद्धत बदलू नकोस. उठल्यावर वहीत एक ओळ लिही: आज काय आडवं आलं, झोप, घाई की दुखणं? त्या ओळी मला पाठव, पुढचं त्या वाचून ठरवू.

कळावे.