अंडी उबवायची पेटी घरी बनवू की मशीन विकत आणू?

प्रश्न: राम राम दादा. आम्ही चोपडा तालुक्यातले, घरी पंधरा गावरान कोंबड्या अन् दोन कोंबडे. सगळ्या कोंबड्या काही एकावेळी खुडूक होत नाहीत, म्हणून आठवड्याची तीसेक अंडी एकदम उबवायला ठेवायचीत. भाचा म्हणतो थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून देतो, दुकानात ऑटोमॅटिक मशीन सात-आठ हजाराला सांगतात. दिवसा आम्ही दोघं शेतात असतो. काय करू?

उत्तर: ताई, मशीनच घ्या, कारण दिवसा घरी कोणी नाही.

भाच्याची पेटी वाईट नाही हां. चांगला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला बल्ब आपोआप बंद-चालू करणारा), कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, पाण्याची वाटी अन् एकाऐवजी दोन बल्ब (रात्री एक उडाला तर दुसरा असतो) एवढं असलं की 37.5 अंश धरून ठेवते अन् पिल्लंही निघतात. पण अंडी फिरवणार कोण? पहिले 18 दिवस रोज निदान तीन वेळा, पाच वेळा केलं तर अजून चांगलं, नाहीतर आतलं पिल्लू वाढता वाढता कवचाच्या पडद्याला चिकटतं आणि मरतं. खुडूक कोंबडी दिवसभर चोचीनं हेच करत असते. सकाळी सातला निघून संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला ते जमणार नाही. ऑटोमॅटिक मशीन अंडी आपोआप फिरवतं, पैसे द्यायचेत ते ह्याच कामाचे, बाकी मशीनमध्ये पेटीपेक्षा फार वेगळं काही नसतं.

मशीन आणलं की आधी एक दिवस रिकामं चालवा आणि आत ताप बघायचं थर्मामीटर ठेवून आकडा ताडून घ्या, स्वस्त मशीनच्या डिस्प्लेवर डोळे झाकून विश्वास नको. लाईट जाते आपल्याकडे, त्यामुळे 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारंच मागा. ओलावा 18 दिवस 50-55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65-70, अन् त्या तीन दिवसांत अंडी फिरवायची नाहीत आणि कितीही चिवचिव ऐकू आली तरी झाकण उघडायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानदार सांगत नाही. पेटी असो की मशीन, दोन्ही फक्त गरम करतात, थंड करत नाहीत. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत 42 झालं तर हीटर बंद असला तरी आत तेवढंच होणार अन् सगळी बॅच जाणार. म्हणून धाब्याच्या घरातली आतली गार खोली असेल तरच उन्हाळ्यात ठेवा, नाहीतर पाऊस पडेपर्यंत थांबा. जमा केलेली अंडीसुद्धा उन्हाळ्यात बाहेर पडून राहिली की आत अर्धवट वाढ सुरू होते आणि मग बिघडतात, त्यामुळे घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात निमुळतं टोक खाली करून ठेवा, धुवू नका, आणि सात दिवसांपेक्षा जुनं अंडं उबवायला न ठेवता सरळ भाजीत टाका.

सातव्या रात्री अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर प्रत्येक अंडं धरून बघा, लाल शिरा दिसल्या की जीव धरलाय, नुसतं स्वच्छ दिसलं की काढून टाका.