वाचकांचे प्रश्न : संगणकात माल आहे, रॅकवर नाही

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचा टर्निंगचे सुटे भाग बनवणारा लहान कारखाना आहे. सहा महिन्यांपूर्वी ईआरपी (खरेदी, स्टॉक आणि हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर) घेतली, पण संगणकातला स्टॉक आणि रॅकवरचा माल एकदाही जुळला नाही. २५ मिमीचा राउंड बार दर महिन्याला दोनेकशे किलो कमी भरतो. चोरीचा संशय येतो. स्टोअरकीपर पुन्हा वही लिहू लागला आहे. सॉफ्टवेअर बदलावे का?

उत्तर : सॉफ्टवेअर बदलू नका आणि चोरीचा आळही एवढ्यात कुणावर घेऊ नका. आधी बीओएम, म्हणजे एका नगाला किती कच्चा माल लागतो याची संगणकातली यादी, उघडून बघा. २५ मिमीच्या बारचे वजन मीटरला ३.८६ किलो (व्यासाचा वर्ग भागिले १६२), म्हणजे ६ मीटरच्या बारचे २३.१५ किलो. समजा तुमचा नग १२० मिमीचा आहे. त्याचे वजन ०.४६३ किलो येते आणि बहुतेक ठिकाणी बीओएममध्ये हाच आकडा टाकलेला असतो. पण प्रत्येक कापाला ३ मिमी जातात. एका बारमधून ४८ नगच निघतात आणि शेवटी ९६ मिमीचा तुकडा उरतो. खरा खप नगामागे ०.४८२ किलो. दहा हजार नगांमागे सुमारे १९३ किलोचा फरक इथेच पडला! तो माल बुरादा आणि तुकडे होऊन भंगारात गेला; संगणकाला मात्र कुणी कळवले नाही. बीओएममध्ये कापासकट वजन घाला आणि भंगार वेगळा आयटम म्हणून जमा करा.

दुसरा घोळ वेळेचा. माल सकाळी येतो, दुपारी मशीनवर चढतो आणि जीआरएन (माल मिळाल्याची संगणकातली नोंद) मात्र बिल हाती आल्यावर दोन दिवसांनी होते. मधल्या काळात स्टॉक उणे जातो, सरासरी दरही बिघडतो. जीआरएन मालासोबत आलेल्या चलनावरच करा, बिल नंतर जोडा. ‘उणे स्टॉक चालेल’ ही सोय बंद करायची, पण हे अंगवळणी पडल्यावरच. आधी बंद केली तर डिस्पॅच अडेल आणि गाडी सोडण्यासाठी कुणीतरी खोटी एन्ट्री मारेल.

आयटम मास्टर, म्हणजे संगणकातली मालाच्या नावांची आणि कोडची यादी, तीही चाळा. ‘२५ राउंड’, ‘राउंड बार २५’, ‘बार २५ एमएम’ ही एकाच मालाची तीन नावे हमखास सापडतात. एक कोड ठेवा, बाकीच्यांची शिल्लक त्यात वळवून ते ब्लॉक करा. डिलीट करू नका, जुने व्यवहार त्यांच्यावरच टांगलेले असतात. खरेदी किलोत आणि वापर नगात असेल, तर रूपांतराचा आकडा मास्टरमध्येच हवा. स्टोअरकीपरच्या कॅल्क्युलेटरवर सोडू नका.

प्लेटिंगला बाहेर गेलेला मालही ‘कमी’ दिसतो. त्यासाठी प्रत्येक जॉबवर्करच्या (बाहेरून काम करून देणाऱ्याच्या) नावाने संगणकात वेगळे गोदाम उघडा. जीएसटीच्या नियमानुसार असा माल वर्षभरात परत यावा लागतो, त्यामुळे ही नोंद तशीही लागणारच.

हे झाले की साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पूर्ण मोजणी करा. ३१ मार्च टाळा, त्या दिवशी अकाउंटंटला मान वर करायला फुरसत नसते. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. मोजणाऱ्याला संगणकातला आकडा दाखवू नये, नाहीतर मोजणी आपोआप जुळते. नंतर रोज दहा महागडे आयटम तपासा.

वहीबद्दल म्हणाल, तर ती रॅकजवळ असते आणि संगणक वरच्या मजल्यावर, म्हणून वही जिंकते. स्टोअरमध्ये एक स्क्रीन आणि बारकोड स्कॅनर बसवा. एक महिनाअखेर जुळली की वही बंद.

प्रश्न : इतवारीत आमची होलसेल पेढी आहे. सर्व्हर दुकानातच असतो. उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवला तर चालेल का? बॅकअप पेनड्राइव्हवर घेतो.

उत्तर : कूलर माणसांसाठी ठीक. त्याची ओलसर हवा आणि पाण्यातले क्षार बोर्डवर बसतात. लहान बंद खोली आणि साधा एसी पुरे. सोबत यूपीएस हवाच. एन्ट्री चालू असताना वीज गेली की डेटा फाइल खराब होते. कायम लावून ठेवलेला पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तोही लॉक करतो. रोजची एक प्रत क्लाउडवर आणि एक घरी न्या, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून कालचे शेवटचे बिल उघडते का ते पाहा.