वाचकांचे प्रश्न : गावातला संगीतवर्ग

गेल्या काही महिन्यांत विदर्भातील लहान गावांमधून संगीतशिक्षणाविषयी बरीच पत्रे आली. एखाद्या भजनी मंडळाला पुढची पिढी घडवायची आहे, कुठे एका आईला मुलीच्या परीक्षांची काळजी आहे, तर कुणाला वाद्यांवर पोट भरेल का, हे जाणून घ्यायचे आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या गावात जुने भजनी मंडळ आहे, पण पेटी वाजवणारे आता थकले आहेत. समाजमंदिरात मुलांसाठी संगीतवर्ग सुरू करावा, असे आम्हा काही तरुणांना वाटते. मात्र 'शास्त्रीय संगीत शहरातल्यांचे, ते आपल्या पोरांना झेपायचे नाही', असे काही जाणती माणसे म्हणतात. आमच्याजवळ एक पेटी, एक तबला-डग्गा आणि चार-पाच खंजिऱ्या आहेत. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

आधी जाणत्यांच्या शंकेविषयी. पं. वसंतराव देशपांडे 1920 साली ज्या मूर्तिजापुरात जन्मले, ते आपल्या तालुक्याहून फार दूर नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म 1909 साली आपल्याच जिल्ह्यातील यावलीचा. त्यांनी खंजिरीच्या साथीने भजन गावोगावी पोहोचवले आणि मोझरीच्या गुरुकुंजातून, म्हणजे त्यांच्या आश्रमातून, उभ्या राहिलेल्या कामामुळे खेड्यापाड्यांतील सामान्य माणसाला तालासुरात एकत्र गाण्याची सवय लागली. ज्या गावात माणसे रात्र रात्र ठेका न मोडता भजन करतात, त्या गावातल्या मुलांना लय शिकवावी लागत नाही. ती त्यांच्या अंगात असते. शहरातल्या वर्गात शिक्षकाचे पहिले काही महिने ज्या गोष्टीत जातात, ती आपल्याकडे तयार आहे. उणीव आहे ती स्वरांच्या ओळखीची. आपल्या मुलांना पन्नास चाली येत असतील, परंतु त्यातला एखादा स्वर कोणता, हे सांगता येणार नाही. वर्गाचे काम तिथून सुरू होते.

आणखी एक गोष्ट त्या मंडळींना जरूर सांगावी. पं. विष्णू दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते संगीत काही घराण्यांच्या आणि दरबारांच्या उंबऱ्याआत अडकून राहू नये म्हणूनच. वेळापत्रक, वर्ग, ठरलेली फी आणि छापलेली स्वरलिपी या साऱ्या गोष्टी शिक्षणात आल्या, त्या सर्वसामान्य घरातल्या मुलांसाठी. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी रागांची थाटांमध्ये, म्हणजे स्वरांच्या मूळ साच्यांमध्ये, मांडणी केली आणि मुखोद्गत बंदिशी कागदावर उतरवल्या, त्यामागेही हीच तळमळ होती. तेव्हा समाजमंदिरातला वर्ग ही कुणाच्या हद्दीतली घुसखोरी नव्हे.

आता प्रत्यक्ष सुरुवात. पहिल्या दिवशी अलंकार, म्हणजे स्वरांचे सरावाचे पलटे, घोकून घेऊ नयेत. मुलांना पाठ असलेल्या एखाद्या भजनाचे ध्रुपद घ्यावे, ते गाऊन घ्यावे, मग त्याच चालीत शब्दांच्या जागी सा-रे-ग म्हणून घ्यावे. ओळखीच्या चालीत आपण कोणत्या स्वरावरून कोणत्या स्वरावर जातो, हे एकदा मुलाच्या ध्यानात आले की अलंकार त्याला कंटाळवाणे वाटत नाहीत, कारण त्यांचा उपयोग त्याने पाहिलेला असतो. तालाचेही तसेच करावे. भजनी ठेका आणि केरवा आठ मात्रांचे आहेत, ते मुलांच्या हातात आहेत. तिथून सोळा मात्रांच्या त्रितालाकडे टाळी आणि 'खाली' (टाळी न देता हात उलटा दाखवायची मात्रा) हाताने दाखवत नेणे सोपे जाते. दादऱ्याच्या सहा मात्रा गवळणींमुळे बहुतेकांना येतातच. झपताल आणि रूपक मात्र नव्याने शिकवावे लागतील, आणि त्यांची घाई करू नये.

पेटी एकच असल्यामुळे एका वेळी दहा-बारांहून अधिक मुले बसवू नयेत. सर्वांना पेटीवर बोटे फिरवायची घाई असते, पण सुरुवातीला गळा आणि कान तयार होऊ द्यावेत. पेटीच्या आवाजावर गळा टेकवून ठेवण्याची सवय लागली की पेटी बंद होताच सूर सुटतो. रोजची पाच मिनिटे नुसत्या तंबोऱ्यावर षड्ज, म्हणजे सा, लावण्यासाठी ठेवावीत. तंबोरा नसेल तर मोबाइलवरील तंबोरा चालेल. या एका कामासाठी मोबाइलसारखे सोयीचे साधन गावाला पूर्वी कधी मिळाले नव्हते.

सर्वांत अवघड प्रश्न शिक्षकाचा आहे आणि त्याविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे. गावातले वर्ग बहुधा विद्यार्थ्यांअभावी बंद पडत नाहीत. शिक्षकाच्या येण्या-जाण्याचा खर्चही निघत नाही म्हणून बंद पडतात. 'देवाचे काम आहे, पैसे कसले घेता' हे वाक्य कितीही सद्भावनेने उच्चारलेले असो, त्याने आपल्याकडचे चांगले शिक्षक गमावले आहेत. जागा आणि वीज ग्रामपंचायतीकडून मिळवावी, सप्ताहाच्या वर्गणीतून काही भाग वर्गासाठी राखून ठेवावा, पालकांकडून थोडी का होईना पण नियमित फी घ्यावी आणि शिक्षकाला दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मानधन द्यावे. ज्या घराला फी जड जाते, त्या घरच्या मुलाची फी मंडळाने भरावी, पण शिक्षकाच्या मानधनातून ती कापू नये. तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून दोन दिवस शिक्षक येत असतील, तर उरलेल्या दिवशी मंडळातल्या थकलेल्या पेटीवाल्या बाबांना मुलांजवळ बसवावे. त्यांना राग-थाटाची परिभाषा येत नसेल, पण सूर हलला की त्यांना तत्काळ कळते, आणि ते ज्ञान त्यांच्यासोबत निघून जाऊ देणे गावाला परवडणारे नाही.

वेळापत्रक शेतीचा हंगाम पाहून ठरवावे. पेरणीच्या दिवसांत आणि सोयाबीनच्या सोंगणीत वर्ग ओस पडणार, हे गृहीत धरावे. शिक्षक स्वतःही बहुधा शेतकरीच असतो. त्या पंधरवड्यात सुटी जाहीर करावी, म्हणजे वर्ग मोडल्यासारखा वाटत नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. गावातल्या वर्गात ती गाणे शिकते. वर्गात मोठी मुले जास्त आहेत. तिचा आवाज चांगला आहे असे सारे म्हणतात, पण वर्गात ती दबून गाते, नाहीतर ओरडल्यासारखी गाते. तिला परीक्षांना बसवावे का? दहावीला गुण मिळतात म्हणून बसवा, असे शाळेतले म्हणतात.
— एक आई, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

ताई, आपले निरीक्षण अचूक आहे. त्यात दोष मुलीचा नाही. बहुधा पट्टीचा, म्हणजे सा किती उंचीवर धरला त्याचा, आहे. शास्त्रीय गायनात मोठ्या मुलांचा आणि पुरुषांचा षड्ज साधारणपणे काळी एक ते काळी दोनच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या) आसपास असतो, तर मुलींचा आणि स्त्रियांचा पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान. वर्ग काळी एकमध्ये चालत असेल, तर आपल्या मुलीला खालचे स्वर गळ्यात बसत नाहीत म्हणून ती दबून गाते, आणि वरच्या सप्तकात गेली की तिला ताणावे लागते. शिक्षकांना विनंती करावी की, आठवड्यातून निदान एक तास मुलींचा वेगळा घ्यावा आणि तो त्यांच्या पट्टीत घ्यावा.

येथे एक व्यावहारिक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवते. वर्गात तबला एकच आणि तो काळी एकला लावलेला असतो. काळी चारला गाणाऱ्या मुलीसाठी तोच तबला मध्यमात, म्हणजे तिच्या शुद्ध म वर, वाजतो. भूप रागात मध्यम नाही आणि यमनात तो तीव्र आहे, म्हणून या दोन्ही रागांत तो तबला कानाला बोचतो आणि नवख्या मुलीचा सूर ढळतो. दुर्गा रागात शुद्ध मध्यम आहे, त्यामुळे तिथे तो साथ देतो. दुसरा तबला येईपर्यंत मुलींच्या तासाला भूपाऐवजी दुर्गा शिकवावा. शिक्षकांना हे सुचवले तर त्यांना ते लगेच पटेल.

परीक्षांविषयी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. पुढे प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद आणि अलंकार असा क्रम आहे. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी अतिरिक्त गुण मिळतात, हे खरे आहे, आणि ग्रामीण मुलांनी ते अवश्य घ्यावेत. अटी व मुदत मुख्याध्यापकांकडून आठवीतच समजून घ्यावी. परंतु गुणांसाठी एकामागून एक परीक्षा उरकणाऱ्या मुलांना ठरलेले राग पाठ असतात आणि त्यापलीकडे एक आलाप घेता येत नाही, हे चित्र मला फार खटकते. मुलगी पहिले वर्षभर परीक्षेविना शिकू द्यावी. त्यानंतर परीक्षा द्यावी आणि प्रत्येक परीक्षेनंतर त्यातल्या रागांत आणखी काही काळ घालवावा. परीक्षेची दोन सत्रे असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. दुसरे सत्र ऐन कापूसवेचणीत येते, तेव्हा घरच्या कामाचा विचार करून उन्हाळ्याचे सत्र निवडलेले बरे.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती 10 ते 14 वयोगटातील मुलांसाठी असते आणि तीत लोककलांचाही समावेश आहे. आपल्या मुलीचे वय नेमके त्यात बसते. तालुक्यातल्या फारच थोड्या पालकांना ती ठाऊक असते. शाळेमार्फत चौकशी करावी.

वर्ग सुटल्यावर अंधारात परतणे हे मुलींचे गाणे थांबण्याचे मोठे कारण असते, हे आपण लिहिले नसले तरी मी जाणते. मुलींचा तास दिवेलागणीच्या आत संपवावा, ही मागणी पालकांनी मिळून करावी. संकोच करण्यासारखे त्यात काही नाही.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत ऑर्गन वाजवतो. हंगाम संपला की हाती काम नसते. संगीत शिकवून पोट भरेल का?
— एक वाचक, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली

दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने सुरू होणाऱ्या हंगामात वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांसोबत आपण रात्र रात्र वाजवता, ऐनवेळी गायकाची पट्टी बदलली तर ती सांभाळून घेता. ही तयारी कोणत्याही वर्गात मिळत नाही आणि तिची किंमत आपण स्वतः कमी लेखू नये. मात्र शिकवण्यासाठी जे हाताला येते ते मांडून सांगता यावे लागते. पावसाळ्याचे महिने त्यासाठी वापरावेत. स्वरलिपी लिहायला शिकावे आणि विशारदपर्यंत परीक्षा द्याव्यात, म्हणजे पालक आणि शाळा दोघेही विश्वास ठेवतात.

फक्त शिकवणीवर खेड्यात पूर्ण संसार चालेल, असे मी आपल्याला सांगणार नाही. नाटकाचा हंगाम, दोन-तीन गावांतले वर्ग आणि शाळेतील काम यांची सांगड घालावी लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) परिशिष्टात सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभराहून अधिक मुले आहेत, तिथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. ही जागा प्रत्यक्षात भरली जावी म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत, जिथे पालक बहुसंख्य असतात, हा विषय गावाने लावून धरला पाहिजे. ग्रामीण भागातल्या संगीतशिक्षणाचे भवितव्य मला या एका मागणीत सर्वाधिक दिसते, कारण शाळेतला संगीताचा तास ज्याच्या घरी पेटी नाही आणि ज्याचे वडील भजनाला जात नाहीत, त्या मुलापर्यंतही पोहोचतो. आपल्यासारखे वादक त्या जागेवर आले, तर दंडार या लोकनाट्याच्या चाली आणि नाट्यपदेही शाळेत येतील.

प्रश्न : आमच्या वर्गाच्या तबल्याची पुडी (वरचे चामडे) उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या अडकतात. काय करावे?
— एक संगीतशिक्षक, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

वैशाखात टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या तबल्याचे चामडे दुपारभर आक्रसत राहते आणि सूर आपोआप चढतो. त्यात सकाळी वादी (पुडी ताणणारी चामड्याची दोरी) ताणून ठेवलेली असेल, तर संध्याकाळपर्यंत पुडी काठाशी उलते. वाजवून झाल्यावर वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने वर सरकवून ताण उतरवावा आणि तबला जाड गोधडीत गुंडाळून भिंतीच्या सावलीला, जमिनीलगत ठेवावा. पावसाळ्यात उलट होते : चामडे सैल पडते आणि शाईचे (पुडीवरच्या काळ्या लेपाचे) कण सुटू लागतात. तेव्हा तबल्याला चुलीची धग देऊ नये; खंजिरी ती सोसते, शाई सोसत नाही.

पेटीचे लाकूड दमट हवेत फुगते म्हणून पट्ट्या अडकतात. त्या चाकूने तासू नयेत, कारण हिवाळ्यात लाकूड पूर्ववत झाले की त्या खिळखिळ्या होतात. पेटी रोज थोडा वेळ वाजवावी, भिंतीपासून दूर लाकडी पाटावर ठेवावी आणि भात्याचे चामडे उंदीर कुरतडतात म्हणून तिला घट्ट बसणारे खोके करून घ्यावे. सुराची पत्ती बिघडली तर ती जाणकार कारागिरालाच द्यावी. आसपासच्या चार-पाच गावांच्या मंडळांनी मिळून वर्षातून एकदा कारागिराला बोलावले, तर त्याचाही फेरा सार्थकी लागतो आणि प्रत्येकाचा खर्च विभागला जातो. पोळ्यानंतर, पावसाचा जोर ओसरू लागला की हे काम करून घ्यावे.